पिंपातली साय

वाइन चाखणं ही माझी नोकरी होती, हे आमच्या अवसरी खुर्दात शेवटपर्यंत कुणाला पटलं नाही. "पगार घेऊन पितो, राव," असं पारावर बोललं जायचं, आणि आई पाहुण्यांना सांगायची की पोरगा औषधाच्या कंपनीत आहे. दोन्ही खोटं होतं. मी रसायनशास्त्राचा पदवीधर. ओतूरच्या पुढं डोंगराच्या उताराला तेव्हा वाइनचा एक लहान कारखाना होता. आता तिथं कांद्याच्या चाळी आहेत. नव्वदच्या दशकात मी तिथल्या प्रयोगशाळेत लागलो आणि कारखाना बंद पडेपर्यंत राहिलो. वाइन तोंडात घोळवायची, बादलीत थुंकायची आणि वहीत लिहायचं, एवढंच काम. गिळायचो मी फक्त एका पिंपातली, वर्षातून एकदा, एक घोट.

त्या पिंपाबद्दल मी घरातसुद्धा कधी बोललो नाही. आता साठी आली, आणि झाकून ठेवलेलं काही आपोआप मुरून गोड होत नाही, हे धंद्यामुळं मला इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

द्राक्षाचा रस आंबतो तेव्हा टाकीत वायू तयार होतो. त्याला रंग नाही आणि हवेपेक्षा जड असल्यामुळं रस काढून घेतला तरी तो तळाशी बसून राहतो. म्हणून गाळ उपसायला माणूस आत उतरण्याआधी तारेला मेणबत्ती बांधून तळापर्यंत सोडायची. जळत राहिली तर माणूस उतरवायचा, विझली तर पंखा लावून थांबायचं. आमच्याकडं जुन्या विहिरीत उतरताना कंदील सोडतात, तीच युक्ती. हे कामही माझ्याकडंच होतं. ज्योत बघायची आणि रजिस्टरमध्ये 'ज्योत टिकली' असं लिहून खाली सही करायची.

मार्चमधल्या एका दुपारी मी सही केली. मेणबत्ती सोडलीच नाही.

उतरला तो माणूस तळेघर गावाकडचा, माझ्याच वयाचा, लग्नाला तीन वर्षं झालेली. वर उभ्या असलेल्यांना त्याच्या फावड्याचा आवाज थोडा वेळ ऐकू आला, मग बंद झाला. दोरानं ओढून काढला तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. चौकशी झाली. चौकशीला आलेल्यांनी रजिस्टर उघडलं, माझं अक्षर वाचलं आणि आतली हवा चांगली होती असं ठरवलं. हवा चांगली, तर दोष माणसाचा. टाकी वाइनची, त्यामुळं पुढचं लोकांनीच जुळवलं: पिऊन पडला. मी समोरच्या खुर्चीवर बसून हे ऐकलं आणि गप्प राहिलो. माझ्या तोंडातून ते वाक्य गेलं नाही, एवढंच समाधान करून घ्यायला मी तेव्हा शिकलो.

त्या टाकीतली वाइन सकाळीच उपसून बाजूला ठेवलेली होती. कामगार तिला हात लावेनात. शेवटी हंगामापुरत्या आलेल्या एका परदेशी म्हाताऱ्या तज्ज्ञानं तोड काढली. त्यानं तिच्यात द्राक्षाचं स्पिरिट घालून ती जराशी जहाल केली, ओकच्या एका मोठ्या पिंपात भरली, वरची वीतभर जागा मुद्दाम मोकळी सोडली आणि सांगितलं, हलवू नका, भरून काढू नका, वर्षातून एकदा चाखा. साखर तिच्यात औषधालासुद्धा नव्हती. अशी वाइन वर्षानुवर्षं ठेवली की ती काहीतरी वेगळीच होते, एवढं बोलून तो विमानानं निघून गेला. पिंप तळघराच्या कोपऱ्यात राहिलं.

दोन महिन्यांनी टाकीत गेलेल्या माणसाची बायको कारखान्यात आली. मालकांनी तिला नोकरी देऊ केली, त्यात मी पुढं होऊन शब्द टाकला होता. चोराच्या मनात चांदणं. बाटल्या धुण्याचं सोपं काम होतं. तिनं तळघर मागितलं. बाकीच्या बाया सूर्य मावळला की तिकडं फिरकत नसत, आणि ही मुद्दाम तिथं. मला जरा चमत्कारिक वाटलं, पण विचारायचं धाडस झालं नाही. सगळे तिला 'तळेघरची' म्हणत. मी ताई म्हणू लागलो, ती मला साहेब म्हणायची.

पहिल्या वर्षाची चाखणी पुढच्या मार्चमध्ये, सकाळी अकराच्या सुमाराला झाली. तळघरात एकच बल्ब. मी पिंपाचं बूच काढलं आणि बॅटरीचा झोत आत टाकला. वाइन दिसलीच नाही. तिच्यावर पांढरी, सलग, किंचित सुरकुतलेली साय धरली होती. ती खमिराची साय. मोकळी हवा मिळाली की अशा वाइनवर धरते आणि खालच्या वाइनला राखते. पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होतो. ताई माझ्या खांद्यावरून वाकली.

"पीठ हाय," ती म्हणाली.

"पीठ नाही ताई, साय आहे. बुरशीसारखी असते, चांगली असते."

तिनं ऐकलं असं वाटलं नाही. मी काचेची नळी सायीतून हळूच खाली घातली आणि दोन पेल्यांत थोडी थोडी काढली. सायीला पडलेलं भोक आमच्या डोळ्यांदेखत मिटलं. वासाला कच्ची कणीक. चवीला हिरवं सफरचंद, मागं जीभ ओढणारा कोरडेपणा. मी वहीत लिहिलं. तिनं पेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"बाळहिरडा," ती म्हणाली. "चावल्यावर तोंड आवळतं तसं."

अगदी बरोबर होतं. तिचं अख्खं माहेर हिरडा गोळा करायचं. मी वहीत 'हिरडा' लिहिलं आणि तिथून दर वर्षी तिला बरोबर घेऊन चाखायचा पायंडा पडला.

पिठाचं तिनं त्या दिवाळीत सांगितलं. भाऊबीजेला तिनं मला ओतूरच्या आपल्या खोलीवर जेवायला बोलावलं होतं. तिला भाऊ नव्हता, नोकरी मी मिळवून दिली, तेव्हा भाऊ मीच, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. पाटावर बसलो, तिनं ओवाळलं, आणि निरांजनाच्या उजेडात तिला माझा चेहरा नीट दिसू नये म्हणून मी मान खाली घातली. जेवताना ती बोलायला लागली.

"आमच्याकडं मानूस गेला की त्या राती तिथं दिवा लावत्यात, भाऊ. शेजारी पीठ पसरायचं, वर टोपली पालथी घालायची. सकाळी उचलायची. पाऊल उमटतं. पाखराचं, गुराचं, न्हाईतर ल्येकराचं. कुठं जल्म घेतला त्ये कळतं."

"मग?"

"कोरं व्हतं. येक रेघ न्हवती. सासू म्हनली, पिऊन मेल्याचं पाऊल उमटत न्हाई." ती माझ्या ताटात वाढायचं थांबली. "त्यो थेंबाला शिवत न्हवता, भाऊ. मला वाटतं पीठ चुकीच्या जागी पसारलं. जीव गेला टाकीत, अन् दिवा लावला घरात. मी टाकीपाशी पीठ ठेवू द्या म्हनले, तर तुमच्या वाचमननं हाकललं."

म्हणून तिला तळघर हवं होतं. तिच्या हिशेबानं तो घरी परत आलाच नव्हता. टाकीतून उपसलेल्या वाइनबरोबर पिंपात गेला होता, आणि वर पीठ आपोआप पसरलं गेलं होतं. मला हसू यायला हवं होतं, मी विज्ञान शिकलेला माणूस. पण तिच्या गोष्टीत चूक कुठं आहे ते मला दाखवता आलं नाही, कारण चूक जिथं होती ती जागा फक्त मला ठाऊक होती. मी पुरणपोळी संपवली आणि ओवाळणी घालून निघालो.

त्यानंतरच्या चाखण्या मला आजही क्रमानं आठवतात. दुसऱ्या वर्षी कणकेचा वास शिळा, ओलसर झाला. तिसऱ्या वर्षी चवीत मीठ आलं. आम्ही मीठ घातलेलं नव्हतं; पाणी लाकडातून उडून जातं आणि राहिलेलं दाट होत जातं, त्यातून जिभेला तसं लागतं. ताईनं बोट चाखलं आणि म्हणाली, "घाम हाय ह्यो." मी वहीत 'खारट' लिहिलं. कामाच्या माणसाच्या शर्टाचा तो वास मलाही आला होता, पण शर्ट कुणाचा ते लिहायला वहीत रकाना नव्हता.

वाइन दर वर्षी थोडी कमी व्हायची. ताई बांबूची काठी आत घालून बोटांनी मोजायची. "चार बोटं," ती सांगायची, आणि मग हळू आवाजात, "जिवंतपनी शिवला न्हाई, आता पितुय." तिच्या बोलण्यात भीती नसे. नवरा उशिरा जेवायला लागला आहे, अशा सुरात ती बोलायची. मला मात्र त्या कोपऱ्याकडं पाठ करून उभं राहवत नसे. अधूनमधून आम्ही बूच काढून नुसतं बघायचो. उन्हाळ्यात आणि पावसाळा सरता सरता साय जाड व्हायची, मधल्या काळात विरळ. हवामानाचा परिणाम, पुस्तकात आहे. पण ती सगळ्यात जाड असायची मार्चमध्ये, आणि ताईनं हे माझ्या आधी हेरलं होतं. एकदा बूच काढल्यावर साय मध्यभागी किंचित वर आली आणि खाली बसली. आत कोंडलेली हवा मोकळी झाली, दुसरं काही नाही. आम्ही दोघं मात्र बराच वेळ वाकून ती पुन्हा हलते का बघत राहिलो.

पाचव्या वर्षी मला सगळ्यात जास्त भीती वाटली. वाइनला आता पिवळ्याचा तांबूस रंग चढू लागला होता, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास येत होता, मागून अक्रोडाच्या सालीचा कडवटपणा. मी खूश होतो. म्हातारा म्हणाला होता ते खरं होत होतं, अशी वाइन माझ्या हातून पुन्हा घडणार नव्हती. मी घोट गिळला आणि नाकातून श्वास सोडला. तेव्हा, सगळ्याच्या मागून, एक वास आला. मी ओळखला आणि पेला खाली ठेवला.

"काय लागलं, भाऊ?" ताईनं विचारलं.

"काही नाही. शेंगदाणे."

तिनं बोट चाखलं, डोळे मिटले. मी मनातल्या मनात म्हणत होतो, नको सांगू.

"वात इझवल्यावानी," ती म्हणाली. "आताच फुंकर मारल्यावानी."

मी वहीत 'शेंगदाणे, अक्रोड' लिहिलं. ताई माझ्या चेहऱ्याकडं बघत होती. त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी तापाचं निमित्त काढून जायचं टाळलं, तर ती डबा घेऊन ओतूरहून एसटीनं अवसरीला आली. आईनं तिला साडी नेसवली आणि रात्री मला म्हणाली, "सख्ख्या भनीपरास जास्ती माया करती रं तुझ्यावर." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सांगून टाकावं असं मला दर वर्षी वाटायचं. सांगितलं तर नोकरी जाईल, कदाचित तुरुंग होईल, ही भीती पहिली दोन वर्षं होती. नंतर ती उरली नाही. उरली ती ताईची भीती. मी बोललो नाही तोवर तिचा नवरा दारुडा राहणार होता. बोललो की ती मला ओवाळायची थांबणार होती. या दोन्हींत मी दर वर्षी माझी बाजू निवडली, आणि वर त्याला तिच्यावरची माया असं नाव दिलं.

आठव्या वर्षी कारखान्याला उतरती कळा लागली होती. मालकांना त्या पिंपाची आठवण झाली. मुंबईच्या एका हॉटेलवाल्याला जुनी, कोरडी, अशी मुरलेली वाइन हवी होती. नमुना पाठवा म्हणाले. ठरलेल्या चाखणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी एकटाच तळघरात गेलो. ताई घरी गेली होती. मोठी नळी घातली, दोन बाटल्या भरल्या. घाईत होतो, त्या कोपऱ्यात एकट्यानं थांबायचं नव्हतं मला. बाहेर काढताना नळी सायीत अडकली आणि वाकडीतिकडी ओढली गेली. बूच लावलं आणि वर आलो.

सकाळी ताईनं बूच काढलं. बॅटरी तिच्याच हातात होती. ती वाकली आणि तशीच राहिली. मग बॅटरी माझ्या हातात देऊन ती फरशीवर खाली बसली.

"उमटलं," ती म्हणाली.

मी बघितलं. साय आता म्हातारी झाली होती, पातळ, करडी. भोक पडलं तर मिटायचं बळ तिच्यात राहिलं नव्हतं. माझी नळी शिरली होती तिथं एक गोल छिद्र होतं, आणि त्यापासून पुढं तीन लांब चिरा गेल्या होत्या, मागं एक आखूड. भिंग लावून बघितलं असतं तरी ते पाखराच्या पायाखेरीज दुसऱ्या कशासारखं दिसलं नसतं. खालची वाइन त्यातून काळी दिसत होती.

ताई रडत होती आणि हसतही होती. "पाखरू झालं. सुटलं. सासूला आनते मी हितं, दावते. पिऊन मेल्याचं उमटत न्हाई म्हनली व्हती का न्हाई?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "आठ वर्सं. तुमी म्हनून झालं, भाऊ. दुसऱ्या कुनी मला हितं थारा दिला नसता."

नळीचं सांगायला मी तोंड उघडलं. तो शब्द आजवर मी उच्चारलेला नाही. इथं लिहितो आहे तो पहिल्यांदाच. पाखरू तिच्याकडून काढून घेण्याचा हक्क मला नव्हता. मी गप्प राहिलो, आणि एवढ्यावर थांबलो असतो तर सगळं चाललं असतं. सासूनं मानलं असतं, गावानं मानलं असतं, आणि माझं झाकलेलं झाकलेलंच राहिलं असतं, वर माझेच आभार मानून. ताई उठली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवायला वाकली.

मी मागं सरलो. पाठ पिंपाला लागली. लाकूड थंड होतं.

"ताई, तो प्याला नव्हता," मी म्हणालो.

"त्येच म्हनते मी."

"मला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. टाकीत विषारी हवा होती. मेणबत्ती सोडून बघायची असते, ते माझं काम होतं. मी सोडली नाही. सोडली असं रजिस्टरमध्ये लिहून सही केली. सोडली असती तर विझली असती, आणि तो उतरला नसता."

ती अर्धवट वाकलेली होती, ती सरळ झाली. मला वाटलं ती ओरडेल, मारेल. दोन्ही मला हवं होतं. ती माझ्याकडं बघत होती, पाचव्या वर्षी बघितलं होतं तशीच, पण आता तिच्या डोळ्यांत माझ्यासाठी काही ओळख नव्हती.

"का न्हाई सोडली?" तिनं विचारलं. अगदी साध्या आवाजात, वाइनला काय लागलं विचारावं तसं.

खोटं सांगायला माझ्याकडं काही शिल्लक नव्हतं.

"वर टीव्हीवर क्रिकेटची मॅच चालू होती. शेवटच्या ओव्हर होत्या. उठावंसं वाटलं नाही."

तिनं मान हलवली. बॅटरी माझ्या हातातून घेतली. पिंपाकडं वळली, आत एकदा झोत टाकला, आणि मग तसंच, माझ्याकडं न बघता म्हणाली,

"कोन जिकलं?"

मी आठवायला लागलो. खरंच आठवायला लागलो. खोली आठवली, टीव्हीचा रंग आठवला, चहाचे कप, शेजारच्याचं ओरडणं. कोण जिंकलं ते आठवेना. आठ वर्षांत मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

"नाही आठवत," मी म्हणालो.

तिनं बूच लावलं, तळहातानं दोनदा ठोकून घट्ट केलं आणि जिना चढून निघून गेली.